शिवणवर्गाला बायका का येत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यातल्या एका महाविद्यालयात शिकवणाऱ्या मॅडमकडे यंदा विस्तारकार्याची, म्हणजे कॉलेजबाहेरच्या समाजात करायच्या कामाची, जबाबदारी आली. शेजारच्या वस्तीतल्या महिलांसाठी त्यांनी मोफत शिवणवर्ग काढला, चार मशिनं घेतली. उद्घाटनाला साठ जणी आल्या, दीड महिन्यात पाच उरल्या. प्राचार्यांना नॅकसाठी (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेसाठी) अहवाल हवा आहे, विद्यार्थ्यांना श्रेयांक (क्रेडिट) द्यायचे आहेत आणि ८ मार्चला मेळावा घ्यायचा आहे. काय चुकलं आणि आता काय करावं, असं त्यांनी विचारलं आहे.

मॅडम, रागावू नका, पण पाच उरल्या हे वाचून मला हसू आलं. मी अठ्ठावीस वर्षं विस्तारकार्यात काढली आणि माझ्या पहिल्या शिवणवर्गात शेवटी तीन उरल्या होत्या. त्यातली एक मशीनवर बसायचीच नाही. घरी सासू होती आणि वर्गात पंखा होता, म्हणून यायची. तुमच्या पाच म्हणजे बऱ्याच झाल्या.

वर्गाची वेळ तुम्ही लिहिलेली नाही, पण सकाळी अकरा ते एक असणार. तेव्हा कॉलेजची खोली रिकामी असते. त्या वेळी वस्तीतली बाई कुठे असते? पहाटे पाणी भरून, डबे करून ती सातला बाहेर पडते, चार-पाच घरची धुणीभांडी, झाडूपोछा उरकून दीड-दोनला परतते आणि चारला संध्याकाळच्या भांड्यांना पुन्हा निघते. सोसायटीत किंवा आयटी कंपनीत हाउसकीपिंगला जाणारी आठ ते पाच अडकलेली. बिगारी काम करणारी सकाळी नाक्यावर उभी राहते आणि अंधार पडताना घरी येते. अकराला मोकळी कोण? जिला घराबाहेर जायला मज्जाव आहे किंवा जिचं मूल अंगावर आहे ती. म्हणजे जिला येणं सगळ्यात अवघड, तिच्यासाठीच तुम्ही वेळ ठरवलीत. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये याच शहरात कष्टकऱ्यांसाठी शाळा काढली ती रात्रीची. आपण दर ३ जानेवारीला फोटोला हार घालतो आणि वर्ग मात्र अकराला ठेवतो. घरकाम करणाऱ्यांसाठी दुपारी अडीच ते पावणेचार, कंपनीवाल्यांसाठी रविवारी सकाळ, आणि जागा कॉलेजात नाही, वस्तीतच. समाजमंदिर, अंगणवाडी, नाहीतर कुणाचं तरी ओटा असलेलं घर.

आता शिवणाबद्दल. तीन महिन्यांत बाई मशीन चालवायला शिकते, पण अस्तराचा ब्लाउज बसवायला वर्ष-दीड वर्ष हात बसावा लागतो, आणि नवशिकीच्या हाती कुणी आपलं चांगलं कापड देत नाही. त्यातून मशीन कॉलेजात, घरी नाही; म्हणजे सराव नाही. त्या पाच जणींना खरंच शिकायचं असेल तर ब्लाउजच्या मागे लागू नका. पिको-फॉल, उसवलेलं शिवणं, पँट आखूड करणं, चेन बदलणं एवढंच शिकवा. याला गल्लीत रोज गिऱ्हाईक असतं आणि कापड बिघडायची भीती नसते. दोन मशिनं वस्तीत हलवा. शिवणाचं एवढं पुरे. तुमची मुख्य अडचण शिवणाची नाहीच.

मुख्य अडचण अशी की आपण शिक्षक आहोत. आपल्याला वाटतं, समोरच्याला काहीतरी येत नाही आणि आपण ते शिकवलं की तिचं भलं होईल. पण वस्तीतल्या बाईला कामाची कमतरता नसते, कौशल्याचीही फारशी नसते. तिची अडचण असते ती तिच्या कामाला कुणी काम म्हणत नाही ही. तिच्या नावाचा कागद नसतो, तिच्या बोलण्याला ऑफिसात वजन नसतं. आणि गंमत बघा, विद्यापीठाकडे नेमक्या याच गोष्टी उदंड असतात: लेटरहेड, शिक्का, मोजून लिहून काढणारी शंभर पोरं आणि 'कोण आलंय?' असं विचारल्यावर सांगायला एक मानाचं नाव.

याचं पुण्यातलंच उदाहरण देते, कारण विस्तारकार्याच्या बैठकांत ते कुणी सांगत नाही. १९९०च्या सुमारास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या पुणे आवारातल्या प्रौढ व निरंतर शिक्षण विभागाने कचरा वेचणाऱ्या मुलांना शिकवायचं काम हाती घेतलं. पूर्णिमा चिकरमाने, लक्ष्मी नारायण ही त्या कामातली माणसं. मुलं वर्गात टिकेनात, म्हणून ही मंडळी त्यांच्या मागे कचऱ्याच्या ढिगांपर्यंत गेली. तिथे त्यांना मुलांच्या आया दिसल्या. बहुतेक दलित समाजातल्या. अनेक कुटुंबं १९७२च्या दुष्काळाच्या आगेमागे मराठवाडा-सोलापूरकडून पुण्यात आलेली. कचऱ्यातून पत्रा, काच, कागद वेचायचा आणि भंगारवाल्याला विकायचा. मुलगी शाळेत येत नाही याचं कारण तिला शिक्षणाची गोडी नाही हे नव्हतं. आईला दिवसभर वेचून जेवढे पैसे मिळत त्यात घर चालत नव्हतं, एवढंच होतं.

इथे दुसऱ्या एखाद्या विभागाने वर्गाला जोडून पोषण आहार सुरू केला असता आणि अहवाल लिहिला असता. या विभागाने आपला कार्यक्रमच बदलला. घराघरात सुका कचरा वेगळा ठेवायला लावून तो थेट बायकांच्या हाती पडेल अशी सोय काही भागात केली. उकिरड्यात हात न घालता स्वच्छ माल मिळाला की तोच कागद जास्त भावाने जातो आणि वेळही वाचतो. साधं गणित. मग एका गाडीवाल्या ठेकेदाराची त्या मालावर नजर गेली, बायका रस्त्यावर उतरल्या, आणि आपण एकत्र आलो तर आपल्याला हाकलता येत नाही हे सगळ्यांना दिसलं. हमालांची संघटना, हमाल पंचायत, बांधणारे बाबा आढाव पाठीशी होतेच. १९९३ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधल्या आठशेहून अधिक कचरावेचकांची परिषद झाली आणि तिच्यातून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली.

पंचायतीचं पहिलं मोठं काम काय असेल? ओळखपत्र. फोटो लावलेलं, पुढे महापालिकेने मान्य केलेलं. ज्या बाईला पोलीस 'चोर' म्हणून हटकायचे, सोसायटीचा वॉचमन आत सोडायचा नाही, तिच्या गळ्यात आता 'हिचं हे काम आहे' असं सांगणारा कागद आला. त्यानंतर मोजणी. शहरातल्या कचऱ्यातून या बायका किती माल वेगळा काढतात आणि त्यामुळे महापालिकेचा वाहतुकीचा किती खर्च वाचतो, याचा अभ्यास विद्यापीठाच्या माणसांनी केला. भीक मागणं आणि हिशेब मागणं यात फरक असतो. तो आकडे हातात असले की पडतो. पुढे महापालिकेने त्यांच्या आरोग्यविम्याचा भार उचलला. २००७ मध्ये कचरावेचकांच्याच मालकीची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि २००८ पासून महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. आज सकाळी तुमच्या दारात ढकलगाडी घेऊन जी ताई येते ती यातलीच असू शकेल. साक्षरता वर्गातून निघालेलं काम कुठवर गेलं बघा, आणि त्यात शिवणयंत्र एकही नाही.

सगळ्यांना एवढं मोठं काही करायला जमत नाही. मलाही जमलेलं नाही. पण रीत तीच ठेवता येते. जून-जुलैत कुठलाही कार्यक्रम जाहीर न करता नुसतं वस्तीत जायचं. आधी अंगणवाडी सेविकेला आणि आशाताईला भेटायचं, कारण कुठल्या घरात काय चाललंय ते त्या दोघींना ठाऊक असतं. चहा दिला तर नाकारू नका. 'नको नको, आत्ताच झाला' हे वाक्य पुण्यात आपण सवयीने म्हणतो, पण वस्तीत त्याचा दुसरा अर्थ लागतो आणि तो अर्थ त्यांनी पिढ्यान् पिढ्या सोसलेला असतो. मग विचारायचं, 'तुमचा कुठला कागद अडकलाय?' काय शिकायचंय, असं मात्र विचारू नका. त्यावर सगळ्या जणी सभ्यपणे 'शिवण' म्हणतात, कारण मॅडम शिवण शिकवायला आल्यात हे त्यांना माहीत असतं.

कागदाचं विचारलंत की बोलणं संपत नाही. आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, बँकेच्या पासबुकात तिसरंच. एका अक्षरावरून अनुदान अडतं. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे १५०० रुपये सुरू झाले, तेव्हा अशा किती जणींची धावपळ झाली ते तुम्हीही पाहिलं असेल. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावरची बिगारी रोज वेगळ्या मुकादमाकडे जाते, तिला दाखला देणार कोण? घरकाम करणाऱ्यांसाठी २००८च्या कायद्याने मंडळ आलं. याच पुण्यात १९८०मध्ये मोलकरणींनी आपणहून संप केला आणि त्यातून संघटना उभी राहिली, त्या लढ्यांचं ते फळ. पण नोंदणी केलेली बाई शोधायला गेलात तर गल्लीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या निघतील.

हे काम तुमच्या विद्यार्थ्यांना उत्तम जमतं. एका मुलीकडे पाच बायका. प्रत्येकीची एक फाइल, आत सगळ्या कागदांच्या झेरॉक्स, वर एक तक्ता: कुठल्या कागदावर नाव कसं लिहिलंय, जन्मतारीख काय, कुठला मोबाइल नंबर जोडलाय. पुष्कळदा तो नंबर नवऱ्याचा किंवा बंद पडलेला असतो. मग दुरुस्ती. बाईबरोबर आधार केंद्रात, बँकेत प्रत्यक्ष जायचं, तिच्याऐवजी नाही. दोन श्रेयांकांचे साधारण ६० तास यात कधी संपतात कळत नाही, आणि वाणिज्य शाखेच्या मुलाला केवायसी, म्हणजे बँकेची ग्राहक-ओळख तपासणी, काय असते ते पुस्तकापेक्षा नीट समजतं. एक पथ्य मात्र पाळा. झेरॉक्स आणि फोटो मुलांच्या मोबाइलमध्ये राहता कामा नयेत. फाइल बाईच्या घरी.

मोजणीचंही तसंच. आमच्या एका वस्तीत बायकांची तक्रार सार्वजनिक शौचालयाची होती. मुलींनी तीन दिवस पहाटे आणि रात्री उभं राहून नोंदी केल्या: संडास किती, दाराला कडी किती जागी, दिवा किती जागी, पाणी केव्हा असतं, रांगेत किती मिनिटं जातात. एक पान टाइप केलं, वस्तीत मोठ्याने वाचून दाखवलं. दोन आकडे बायकांनी तिथल्या तिथे दुरुस्त केले. मग ते पान महाविद्यालयाच्या लेटरहेडसकट घेऊन सहा जणी क्षेत्रीय कार्यालयात गेल्या. मी मागे बाकावर बसून राहिले, बोलले नाही. दिवे आणि कड्या तीन आठवड्यांत बसल्या. पाण्याला दीड वर्ष लागलं. नुसतं सर्वेक्षण करून पुन्हा न फिरकणाऱ्या कॉलेजांना वस्ती विटलेली असते. एका मावशींनी मला विचारलं होतं, 'बाई, आमची नावं लिहून लिहून तुमच्या वह्या भरत नाहीत का?' त्यानंतर वाचून दाखवल्याशिवाय मी एकही सर्वेक्षण पुरं मानलं नाही.

बचतगट काढायचा मोह होईल. आधी चौकशी करा, त्याच घरात किती गट आणि किती 'फायनान्स' आहेत. हल्ली वस्तीत मायक्रोफायनान्सचा आठवड्याचा हप्ता हा सगळ्यात मोठा जाच आहे. एकीच्या हप्त्यासाठी दुसरीकडून उचल, दुसरीसाठी तिसरीकडून. अशा ठिकाणी चौथा गट काढून तुम्ही कर्जाची आणखी एक खिडकी उघडता. त्यापेक्षा असलेल्या गटांची दप्तरं लिहायला मुलं द्या. दहा ते वीस जणींचा गट मोडतो तो पैशावरून कमी आणि वहीवरून जास्त. इतिवृत्त, रोखवही, खातेवही एकाच शिकलेल्या बाईच्या हातात जाते, बाकीच्यांना काय लिहिलंय ते कळत नाही, संशय येतो, भांडण होतं. दर महिन्याच्या बैठकीत शिल्लक मोठ्याने वाचायची, एवढ्या सवयीने मी दोन गट वाचलेले पाहिलेत. आणि शेकडा दोन रुपये महिना म्हणजे वर्षाला २४ टक्के, हे फळ्यावर एकदा लिहून दाखवाच. गटातल्या बायका गप्प होतात, मग हळूहळू बोलायला लागतात.

एका गटाचं बँकेत खातं उघडेना. ठराव झालेला, कागद पूर्ण, तरी दर वेळी 'पुढच्या आठवड्यात या'. चौथ्या खेपेला मी महाविद्यालयाचं पत्र दिलं. त्यात काहीही खास नव्हतं, फक्त 'सदर गट आमच्या विस्तार उपक्रमाशी संलग्न आहे' एवढंच. त्याच दिवशी अर्ज घेतला गेला. मला आनंद व्हायला हवा होता, पण खरं सांगू, बाहेर आल्यावर गटाच्या अध्यक्षा जे बोलल्या ते जिव्हारी लागलं: 'म्हणजे आम्ही चार वेळा आलो ते आलोच नव्हतो.' पत्राची ताकद आहे ती अशी आहे. वापरा, पण पाचव्या वेळी पत्राशिवाय काम व्हावं म्हणून वापरा.

हिंसेचा विषय निघणारच, कदाचित तिसऱ्या महिन्यात, वर्ग संपल्यावर एखादी मागे रेंगाळेल. त्या दिवशी तुमच्याकडे सांगायला काहीतरी असलं पाहिजे. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतो, १८१ हा मदतीचा क्रमांक आहे. ही माहिती तोंडपाठ ठेवा आणि एखाद्या विधी महाविद्यालयाच्या मदत केंद्राशी आधीच बोलून ठेवा. मुलांना अशा घरी मध्यस्थी करायला कधीही पाठवू नका. एकोणीस वर्षांच्या पोराने नवऱ्याला समजवायला जायचं आणि रात्री मार बाईने खायचा, असं होतं.

आता जे लिहायला मला थोडं जड जातं ते. वस्तीत जाण्याआधी तुमच्या स्वतःच्या कॉलेजचे जिने कोण झाडतं ते बघा. मी जिथे होते तिथे कंत्राटी सफाई कामगार बायका होत्या. मी पंधरा वर्षं बाहेर महिला सक्षमीकरण करत होते आणि आमच्या मजल्यावर फरशी पुसणारीला पगाराची पावती मिळत नाही, भविष्यनिर्वाह निधी कापला जातो पण तिचा यूएएन (त्या निधीचा खाते क्रमांक) तिलाच माहीत नाही, हे मला एका विद्यार्थिनीने सांगितलं. कंत्राटदार दर वर्षी बदलायचा, बाई तीच, आणि दर वर्षी ती 'नवीन' व्हायची. त्या मुलीने दुपारच्या सुट्टीत बसून अकरा जणींचे यूएएन शोधून काढले. माझ्या सगळ्या कारकिर्दीत इतक्या कमी खर्चाचं आणि इतक्या उपयोगाचं काम दुसरं झालेलं आठवत नाही. अहवालात मात्र आम्ही ते लिहू शकलो नाही. का, ते तुम्ही ओळखलं असेल.

अहवालाचं म्हणाल तर तो होतो. नॅकला उपक्रमांची संख्या, सहभागी विद्यार्थी, जिओटॅग केलेले (जागेची नोंद असलेले) फोटो लागतात. एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) वर्षाचे १२० तास आणि सात दिवसांचं शिबिर असतंच. तेही त्याच वस्तीत, त्याच कामाला जोडा. दर वर्षी नवी वस्ती 'दत्तक' घ्यायची हौस सोडा. सॅनिटरी पॅड वाटतानाचे फोटो काढू नका. त्याऐवजी वसतिगृहातल्या मुलींना वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायला लावा. 'स्वच्छ'च्या बायकांनी मागितलेली गोष्ट ती आहे, कारण ते पॅड शेवटी त्यांच्याच हातात येतं.

पैसे कशावर खर्च करायचे? पुढच्या अंदाजपत्रकात मशीन नको, बॅनर नको. वस्तीतल्याच एका बाईला संयोजक म्हणून दरमहा मानधन द्या. परीक्षा आल्या की मुलं गायब होतात, मे महिन्यात तुम्ही गावी जाता, आणि बाईचा अर्ज नेमका मे महिन्यात परत येतो. तेव्हा दारात कुणीतरी असायला हवं. त्या पाच जणींपैकीच एक मिळेल. जी सगळ्यात जास्त प्रश्न विचारते ती घ्या. जी सगळ्यात गोड बोलते ती नको. प्राचार्य 'मानधनाचं हेड नाही' म्हणतील. 'साधन व्यक्ती' या शीर्षाखाली बसतं, बसवा.

राहिला ८ मार्च. तो दिवस कामाचा असला की वस्तीतल्या बाईचा मेळाव्याला येण्याने खाडा पडतो, हे आधी लक्षात घ्या. पाहुणीचं भाषण, गुलाबाचं फूल, संगीत खुर्ची हे सगळं तुमच्या स्टाफसाठी ठेवा. वस्तीतल्यांना जवळच्या रविवारी कॉलेजात बोलवा, आणि बोलावण्याआधी गेटवर सांगून ठेवा, म्हणजे 'कुणाला भेटायचंय?' हे ऐकावं लागणार नाही. ग्रंथालय दाखवा, प्रयोगशाळा दाखवा. त्यांच्या मुली पुढेमागे इथेच प्रवेश घेतील, तेव्हा आईने ही इमारत आतून पाहिलेली असू दे. मग एका वर्गात बसून ज्यांचे कागद दुरुस्त झाले त्यांच्या हाती फाइल द्या आणि ज्यांचे अडकलेत त्यांचे अर्ज तिथेच लिहून घ्या. दुसऱ्या दिवशी ते पोचवायचे. सोबतच्या पत्रावर जावक क्रमांक घालायला विसरू नका, आणि झेरॉक्सवर पोच घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका.